नायगाराचं पाणी आपोआप येतं की कुणी सोडतं?

"हे पाणी आपोआप येतंय, का वरून कुणी सोडलंय?"

नायगाराच्या बोटीतून उतरल्या उतरल्या बाबांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. अंगात तो निळा प्लास्टिकचा पोंचो, चष्म्यावर थेंब, बूट पचपचतायत, आजूबाजूला सगळी जनता किंचाळत व्हिडीओ काढतेय, आई तर चक्क हात जोडून उभी होती, आणि आमच्या बाबांना विसर्गाची पडलेली. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात गेली त्यांची, त्यातली बरीचशी कराडच्या आसपास, त्यामुळे पाणी दिसलं की ते किती आहे आणि कुणाच्या हुकमानं चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मी म्हटलं, "अहो बाबा, नैसर्गिक धबधबा आहे हा, कोण सोडणार?" त्यावर ते नुसतं हसले आणि म्हणाले, "अगं, नदीला मीटर लावल्यासारखी वाहतेय ही. कुठंतरी गेट असणार."

रात्री हॉटेलवर मी शोधत बसले, आणि काय सांगू, गेट आहे! एक नाही, अठरा गेट आहेत.

दर हिवाळ्यात आपल्या फॅमिली ग्रुपवर "नायगारा गोठला" असे व्हिडीओ येतात, अधूनमधून "नायगारा रात्री बंद करतात, अमेरिकेनं जगाला फसवलं" असंही येतं, आणि सुट्टीत मुलांकडे अमेरिकेला आलेले निम्मे आईबाबा तर नायगारा करतातच. पण तिथं उभं राहून आपण नक्की काय बघतो हे मलाही माहीत नव्हतं, तेही इथं राहून अकरा वर्षं झाल्यावर. तर जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

आधी नदी

नायगारा म्हटलं की आपल्याला धबधबाच आठवतो, पण मुळात ती एक नदी आहे, आणि नदी म्हणून तशी बुटकीच, जेमतेम ५८ किलोमीटर. डोंगरात उगम वगैरे भानगड नाही. ईरी नावाच्या तलावातून निघते आणि ऑन्टारिओ नावाच्या तलावात जाऊन पडते, एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला कॅनडा. म्हणजे खरं तर दोन टाक्यांना जोडणारा पाइप समजा, वरची टाकी खालच्या टाकीपेक्षा ९९ मीटर उंच, आणि त्यातली साधारण ५७ मीटरची उडी एकाच जागी, तोच आपला धबधबा.

आता वरची टाकी म्हणजे नुसता ईरी नाही. त्याच्या मागे सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन असे अजून तीन अवाढव्य तलाव एकाला एक जोडलेले आहेत. हे चार आणि खालचा ऑन्टारिओ मिळून जगातल्या जमिनीवरच्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा होतो. त्यामुळे आपल्या नद्यांसारखं जुलैत पूर आणि मे मध्ये वाळवंट असं नायगाराचं होत नाही, मागची साठवण एवढी प्रचंड आहे की बारा महिने जवळपास सारखंच पाणी येत राहतं. बाबांना जे खटकलं होतं, एकसारखं वाहणं, त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं गेटांचं.

अजून एक, धबधबे तीन आहेत. घोड्याच्या नालेसारखा वळलेला मोठा तो हॉर्सशू, त्याच्या शेजारी अमेरिकन फॉल्स, आणि त्याला खेटून एक बारीकसा ब्रायडल व्हेल. धबधब्यावर येणाऱ्या पाण्यातलं साधारण नव्वद टक्के एकट्या हॉर्सशूवरून पडतं. अमेरिकन फॉल्स फोटोत दणदणीत दिसतो पण त्याच्या वाट्याला दहाएक टक्केच.

क्युसेक म्हणजे आपल्या पावसाळी बातम्यांतलं तेच

पावसाळ्यात आपण रोज ऐकतो ना, "कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू", तेच माप इथंही चालतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, वीस लिटरचा जार येतो ना घरी, तसा जवळपास दीड जार दर सेकंदाला. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच वापरणारे.

नायगारा नदीत ईरीमधून सरासरी दोन लाख क्युसेकच्या आसपास पाणी येतं. आणि आपण पर्यटक म्हणून कठड्याला टेकून बघतो ते असतं एक लाख. म्हणजे अर्धी नदी. उरलेली अर्धी धबधब्याच्या आधीच बाजूला काढून बोगद्यांतून नेलेली असते. ती आपल्याला दिसतच नाही.

एक लाख क्युसेक म्हणजे किती हे डोळ्यासमोर यायला बाबांनी हॉटेलच्या कागदी नॅपकिनवर हिशोब केला. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सेकंदाला २८३ टँकर. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी पावणेतीन तासांत. कोयना धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी, १०५ टीएमसी, बारा दिवसांत रिकामं. हे ऐकून आई म्हणाली, "आणि आपल्याकडे सोसायटीत दोन टँकरसाठी भांडणं."

पण लगेच बाबांनीच पुढचं वाक्य टाकलं, की २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून पाच लाखांच्या वर सोडत होते. खरंय ते. पुरातली कृष्णा नायगारापेक्षा कितीतरी मोठी असते. फरक इतकाच की कृष्णा ते चार दिवस करते आणि नायगारा वर्षभर.

मग सोडतात म्हणजे नक्की काय करतात

धबधब्याच्या वर अडीचेक किलोमीटरवर कॅनडाच्या काठापासून नदीत आडवा आत शिरलेला एक बंधारा आहे. पलीकडच्या काठापर्यंत तो पोचत नाही, मध्येच थांबतो, म्हणून त्याला आपल्या अर्थानं धरण म्हणता येणार नाही. १९५० च्या दशकात बांधला, १९६३ मध्ये वाढवला, त्याला ती अठरा गेटं. गेटं खाली-वर करून बंधाऱ्याच्या मागच्या पाण्याची पातळी सांभाळतात. पातळी वाढवली की पाणी दोन्ही काठांवरच्या बोगद्यांच्या तोंडात जास्त शिरतं, कमी केली की धबधब्याकडे जास्त जातं. आपल्या शेतात पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत घालायला फावड्यानं माती ओढतात, बारं देतात, अगदी तेच तत्त्व, फक्त फावडं जरा मोठं.

आणि किती सोडायचं हे कुणा इंजिनिअरच्या मर्जीवर नाही, त्याचा दोन देशांत करार आहे. १९५० चा. त्यात टाइमटेबल दिलंय, हो, शब्दशः टाइमटेबल. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर, सकाळी आठ ते रात्री दहा, धबधब्यावर कमीत कमी एक लाख क्युसेक. १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, सकाळी आठ ते रात्री आठ, तेवढंच. बाकी सगळा वेळ, म्हणजे रोजची रात्र आणि नोव्हेंबर ते मार्च अख्खा दिवस, कमीत कमी पन्नास हजार. यापेक्षा जास्तीचं पाणी दोन्ही देशांनी विजेसाठी निम्मं निम्मं वाटून घ्यायचं.

म्हणजे धबधब्याची ड्युटी लागलेली आहे. आठला हजर, दहाला सुट्टी.

रात्री बंद होतो का मग?

नाही. व्हॉट्सॲपवरचं हे खोटं. नळासारखा बंद होत नाही, अर्धा होतो. आणि अर्धा झालेला साध्या माणसाला कळतोच असं नाही, कारण पन्नास हजार क्युसेकसुद्धा भयंकर पाणी आहे, रंगीत दिवे सोडलेले असतात, तुषार उडत असतात, आपण दिवसभर चालून दमलेले असतो. मी स्वतः साडेदहाला कठड्यावर उभी होते आणि मला ढिम्म काही कळलं नाही.

कळतं ते सकाळी, आणि तेही धबधब्याकडे बघून नाही, खाली बघून. आम्ही दुसऱ्या दिवशी सातच्या आधी गेलो, बाबांचाच हट्ट. खाली घळीत, पाणी जिथं घुसळत असतं तिथं, काठाच्या दगडांवर एक काळपट पट्टा दिसत होता, पाण्याच्या वर, सरळ रेषेत. कोकणात जेटीच्या खांबांवर ओहोटीला दिसतो ना तसाच. रात्रीतून वरचं पाणी कमी झाल्यामुळे खालची पातळी उतरलेली. बाबा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघ, काल इथपर्यंत होतं." समोर एवढा जगप्रसिद्ध धबधबा आणि हा माणूस दगडावरचा डाग बघून खूश!

वळवलेलं पाणी जातं कुठं

वीज करायला. धबधब्याच्या वरून पाणी बोगद्यांत आणि कालव्यात घेतात, शहराच्या खालून-बाजूनं नेतात आणि धबधब्याच्या बरंच पुढे नदीच्या घळीत टर्बाइनवर सोडतात. कॅनडाच्या बाजूला क्वीन्सटनला सर ॲडम बेक नावाची दोन केंद्रं आहेत, पहिलं १९२२ चं आणि दुसरं १९५४ चं. समोरच्या काठावर अमेरिकेत लुइस्टनला रॉबर्ट मोझेस केंद्र, १९६१ चं, तेरा टर्बाइन. दोन्ही बाजू मिळून क्षमता चार हजार मेगावॅटच्या वर. आपली कोयना १,९६० मेगावॅट, म्हणजे दोन कोयना आणि वर थोडं.

२०१३ मध्ये कॅनडानं अजून एक बोगदा चालू केला, दहा किलोमीटर लांब, तो खणणाऱ्या मशीनचा व्यास १४.४ मीटर होता, म्हणजे पाच मजली बिल्डिंग आडवी आत जाईल एवढं भोक. धबधबा बघायला आलेले लोक ज्या शहरात पिझ्झा खात फिरत असतात त्याच्या पोटातून एक नदी चाललेली असते आणि कुणाला पत्ता नसतो.

इथं बरेच जण विचारतात की धबधबा आयता आहे तर त्याच्या पायाशीच टर्बाइन का नाही लावत, एवढा वळसा कशाला. त्याचं कारण सोपं आहे. वीज किती मिळणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, पाणी किती आणि पडतं किती उंचीवरून. धबधब्याची उंची ५७ मीटर. पण नदी तिथं संपत नाही, पुढे घळीत ती अजून उतरत जाते. पाणी वरच उचलून थेट घळीच्या शेवटी नेऊन सोडलं तर उतार मिळतो साधारण ९० मीटर. तेवढ्याच पाण्यात दीडपट वीज, मग कोण सोडेल.

आणि रात्री पर्यटक झोपलेले असताना जे जास्तीचं पाणी मिळतं त्याचं काय, रात्री तर विजेलाही गिऱ्हाईक कमी. तर रात्रीच्या स्वस्त विजेवर पंप चालवून ते पाणी वरच्या एका मोठ्या तळ्यात चढवून ठेवतात आणि दिवसा मागणी वाढली की परत खाली सोडून वीज करतात. याला आपल्याकडे उदंचन म्हणतात, आपल्या घाटघरच्या वीजकेंद्रात हेच चालतं. घरच्या भाषेत सांगायचं तर रात्री टाकी भरून ठेवायची, सकाळी सगळ्यांच्या आंघोळी.

पाण्यापासून वीज हे इथलं जुनं वेड आहे. १८९५ मध्ये इथं वेस्टिंगहाउस कंपनीची यंत्रं आणि निकोला टेस्लाचे पेटंट वापरून मोठं वीजकेंद्र सुरू झालं, आणि १८९६ च्या नोव्हेंबरात ती वीज तीसेक किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोचली. वीज लांब नेता येते, तीही आज आपल्या घरात येते त्याच प्रकारची, अल्टरनेटिंग करंट, हे जगाला पटवण्यात या जागेचा मोठा वाटा. धबधब्यांच्या मधल्या गोट आयलंड नावाच्या बेटावर टेस्लाचा पुतळा आहे, लोक त्याच्या मांडीवर चढून फोटो काढतात.

मग हा धबधबा खोटाच की!

हे मला माझ्या भावानं फोनवर ऐकवलं. "म्हणजे तू एवढे डॉलर खर्च करून सोडलेलं पाणी बघून आलीस." आधी मलाही जरा वाईट वाटलं होतं. पण नंतर मी उलटा विचार केला.

कर्नाटकातला जोग धबधबा बघा. शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं १९६४ मध्ये, पाणी विजेला गेलं, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात जोगला गेलेला माणूस काळ्या कातळावर दोन-तीन पांढरे धागे बघून परत येतो. पाऊस चांगला झाला तर ठीक, नाहीतर नशीब. तिथं वीज आधी आणि धबधबा उरलंसुरलं. नायगाराला करारातच लिहून ठेवलं की आधी धबधब्याचं रूप राखायचं, उरेल ते विजेला. एवढाच फरक, पण केवढा मोठा फरक आहे तो.

अर्थात हे शहाणपण सुरुवातीपासून नव्हतं. एकोणिसाव्या शतकात धबधब्याभोवतीची अमेरिकेकडची जमीन खाजगी लोकांनी घेऊन कुंपणं घातली होती आणि नुसतं डोकावून बघायचे पैसे घ्यायचे. लोकांनी बरीच वर्षं बोंब मारली तेव्हा १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं ती जमीन ताब्यात घेऊन सगळ्यांसाठी बाग केली. आजही आत शिरायला तिकीट नाही, बोटीचं आणि पार्किंगचं द्यावं लागतं, आणि पार्किंगचं बघून बाबांनी त्याचे रुपये किती हे तीनदा विचारलं.

दुसरी गोष्ट झिजेची. वरचा दगड कडक, त्याच्या खालचा मऊ, पाणी खालचा मऊ थर खात जातं, मग वरच्या छज्ज्याला आधार राहत नाही आणि तो कोसळतो. असं करत करत बारा हजार वर्षांत धबधबा अकरा किलोमीटर मागे सरकलाय. जुन्या मापांप्रमाणे दरवर्षी मीटरभर तरी सरकायचा. पाणी वळवायला लागल्यापासून आणि काठावर थोडी भर घालून, तळ खणून पाणी सारखं पसरवल्यापासून हा वेग वर्षाला फूटभरावर आलाय. म्हणजे जे पाणी आपल्याला दिसत नाही त्याच्यामुळेच धबधबा टिकतोय. खोटा म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून आतला देव खोटा होतो का.

हां, अस्पर्श निसर्ग वगैरे ब्रोशरमधली भाषा मात्र बाजूला ठेवा.

फुकट काहीच नसतं

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला बराच वेळ सोडेना. १९५६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या बाजूचं जुनं वीजकेंद्र दरड कोसळून नदीत गेलं. एकदम विजेचा तुटवडा, कारखाने अडचणीत, म्हणून नवीन मोझेस केंद्र घाईघाईनं करायचं ठरलं. त्याला पाणी साठवायचं तळं लागणार होतं, तेच रात्री भरायचं, आणि त्या तळ्यासाठी जागा निवडली ती टस्करोरा नावाच्या मूळ आदिवासी लोकांची. ते लोक नाही म्हणाले. कोर्टात गेले, अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत. १९६० मध्ये हरले आणि त्यांची साडेपाचशे एकरांच्या आसपास जमीन पाण्याखाली गेली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी विरोधी मत दिलं, त्यात लिहिलं की मोठ्या माणसांनी जसा शब्द पाळावा तसा मोठ्या राष्ट्रांनीही पाळावा.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे तरी काय वेगळं झालं." कोयनेच्या धरणग्रस्तांच्या वस्त्यांवर ते नोकरीत असताना जायचे, त्यातले कित्येक कागद त्यांच्या टेबलावरून गेलेले. तो विषय तिथंच थांबला.

पूर्ण बंद पडलाय का कधी?

पडलाय! आणि दोन्ही वेळच्या गोष्टी भारी आहेत.

पहिल्यांदा १८४८ मध्ये मार्चच्या शेवटी, निसर्गानंच केला. ईरी तलावावरचा बर्फ वाऱ्यानं ढकलत आणून बफेलोजवळ नदीच्या तोंडात गच्च बसला, बाटलीला बूच बसावं तसा. दीडेक दिवस पाणी जवळपास थांबलं. आवाज थांबला म्हणून लोकांना जाग आली म्हणतात, आणि ते मला अगदी पटतं, रात्री पंखा बंद पडला की आपल्यालाही जाग येते. लोक नदीच्या पात्रात उतरले, अमेरिका आणि इंग्रजांच्या १८१२ च्या युद्धातल्या संगिनी वगैरे गोळा केल्या, आणि मग बूच सुटलं.

दुसऱ्यांदा १९६९ मध्ये माणसानं, पण फक्त अमेरिकन फॉल्स. त्याच्या पायाशी दरडींचा ढीग साठत चालला होता, १९५४ मध्ये तर एक मोठा कडा कोसळला होता, आणि लोकांना भीती की असंच चाललं तर धबधब्याचं नुसतं उतरतं खडकाळ पात्र होईल. म्हणून अमेरिकेच्या लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी काठापासून गोट आयलंडपर्यंत दगडमातीचा तात्पुरता बांध घातला, पाणी सगळं हॉर्सशूकडे गेलं आणि जून ते नोव्हेंबर हा धबधबा कोरडा. तळाशी ढीगभर नाणी सापडली. दोन मृतदेहही सापडले. भेगा तपासल्या, काही ठिकाणी कातळ बोल्टनं आवळला. आणि तो दरडींचा ढीग काढायचा का, यावर पुढची काही वर्षं खल करून शेवटी ठरवलं की राहू द्या, आहे तसा बरा आहे. आज अमेरिकन फॉल्सच्या पायाशी जे प्रचंड दगड दिसतात ते तेच. माझ्या मते त्या दगडांमुळेच तो जास्त देखणा दिसतो, पाणी नुसतं न पडता फुटतं.

हॉर्सशू मात्र असा कोरडा करत नाहीत. ती अठरा गेटं पूर्ण नदी अडवायला केलेलीच नाहीत.

आणि ते गोठलेलं?

गोठतात ते तुषार. कठडे, झाडं, दिवे, दगड, सगळ्यावर बर्फाचे जाड थर बसतात, पडत्या पाण्याच्या कडेनंही बर्फ साचतो, आणि फोटोत वाटतं अख्खा धबधबाच थिजलाय. आतून पाणी चालूच असतं. पूर्वी खाली घळीत बर्फाचा पूलच तयार व्हायचा आणि लोक त्यावर फिरायला जायचे, तिथं टपऱ्याही लागायच्या, पण १९१२ मध्ये तो फुटून तीन माणसं गेली आणि तेव्हापासून बंदी. आता १९६४ पासून दर हिवाळ्यात ईरीच्या तोंडाशी तरंगत्या ओंडक्यांसारख्या नळ्यांची एक साखळी आडवी टाकतात, बर्फाचे मोठे तुकडे नदीत घुसून बोगद्यांची तोंडं बुजवू नयेत म्हणून.

मग जायचं कधी आणि कुठून बघायचं

टाइमटेबल आता तुम्हाला माहितीये, त्यामुळे हिशोब तुम्हीच करा. नाताळच्या सुट्टीत गेलात तर बर्फाचा देखावा मिळेल पण पाणी दिवसाही पन्नास हजारच्याच हिशोबात असणार. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सकाळी आठनंतर कधीही जा, पूर्ण लाखाचा माल. त्यातही एप्रिलात थंडी आणि बोटी चालू झालेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे आईबाबांना घेऊन जाणार असाल तर मेच्या शेवटापासून पुढे.

बाजूचं म्हणाल तर हॉर्सशूचं तोंड कॅनडाकडे आहे. अमेरिकेतून आपण त्याच्या खांद्यावर उभे असतो, पाणी कसं वळून खाली जातं ते हाताच्या अंतरावरून दिसतं, पण अख्खं रूप बघायचं तर पलीकडे. आणि इथंच बऱ्याच जणांचा पोपट होतो, कारण अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडात जायला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. रेनबो ब्रिज समोर दिसतो, चालत दहा मिनिटं, आणि जाता येत नाही. आईबाबांचे व्हिसा काढतानाच याचा विचार करा, आम्ही केला नव्हता. आम्ही निळे पोंचो घालून खालून बघत होतो आणि कॅनडाच्या बोटीतले लाल पोंचोवाले तेच पाणी पलीकडून बघत होते, आईनं त्यांना हात केला, त्यांनीही केला. तो निळा पोंचो तिनं घडी घालून बॅगेत भरला, कराडला पावसाळ्यात स्कूटरवर टाकायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही परत कठड्यावर होतो. बाबांनी घड्याळ काढून हातात धरलेलं. मी सांगत होते की अहो वरून पाणी यायला वेळ लागतो, असं ठोक्याला दिसणार नाही काही. ते म्हणाले, माहितीये मला, कालवा सोडल्यावर टेलला पाणी यायला किती तास लागतात ते तू मला सांगू नकोस. अर्धा-पाऊण तास गेला असेल. आईनं दशम्या काढल्या, एक त्यांच्या हातात दिली. खायचं सोडून ते खाली त्या काळपट पट्ट्याकडेच बघत बसलेले, आणि मग कोपरानं मला ढोसत म्हणाले, "बुडायला लागला बघ."